खो मिळण्याआधीच उठणारी चिंता

प्रश्न अमळनेर तालुक्यातील एका आईचा आहे, तो थोडक्यात असा : "माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. सुट्टीत आम्ही घरी 'इन्साइड आउट २' हा चित्रपट हिंदीतून पाहिला. शेवटाकडे त्यातल्या मुलीचा श्वास कोंडतो त्या प्रसंगात माझी मुलगी उठून ओट्यावर जाऊन बसली आणि रात्री म्हणाली, 'मम्मी, मलाही असंच होतं.' संघाच्या निवडीच्या दिवशी आणि गणिताच्या पेपरच्या सकाळी तिचे पोट दुखते, तळहात ओले होतात आणि ती जेवत नाही. सासूबाई म्हणतात, 'पोरले नजर लागनी.' यजमान म्हणतात, हे चित्रपट पाहून सुचलेले सोंग आहे. चित्रपटात दाखवलेले खरे असते का? खो-खो काही दिवस बंद करावा का? सहा वर्षांच्या धाकट्याला हा चित्रपट दाखवावा का? आणि ही चिंता तिच्या मनातून कायमची काढून कशी टाकावी?"

ताई, मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जळगावात गेली बावीस वर्षे मुलांच्या मानसिक समस्यांवर काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पालकाने याच शब्दांत विचारला आहे, आणि 'काढून टाकणे' या शब्दांतच निम्मी अडचण दडलेली आहे. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात नेमकी हीच चूक एक पात्र करते, आणि ते पात्र चिंतेचे नाही. ते खुशीचे आहे. (या चित्रपटात रायली नावाच्या मुलीच्या मनातल्या भावनाच पात्रे होऊन वावरतात; त्यांची नावे मी माझ्या सोयीने मराठीत घेत आहे.) ही खुशी, रायलीला त्रास देणारी प्रत्येक आठवण एका यंत्रात घालून मनाच्या पार मागच्या कोपऱ्यात भिरकावून देते, म्हणजे मुलीला स्वतःविषयी फक्त चांगलेच वाटत राहील. हेतू आईचाच आहे. पुढे चिंता येते, जुन्या भावनांना बाटलीत कोंडते आणि सारा ताबा स्वतःकडे घेते. पण मुलीच्या मनातले काय ठेवायचे आणि काय फेकायचे हे आपणच ठरवणार, हा हट्ट तिने खुशीकडूनच उचललेला आहे. शेवटी त्या मागच्या कोपऱ्यात साचलेल्या आठवणींचा ढीग कोसळून पुन्हा पुढे वाहत येतो, आणि चुकांच्या, लाजेच्या, हेव्याच्या त्या साऱ्या आठवणींतूनच रायलीची स्वतःविषयीची नवी, एका वाक्यात न मावणारी जाणीव तयार होते. मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो चिंतेमुळे जितका, तितकाच खुशीच्या या चुकीमुळे. पालक म्हणून आपण चित्रपट पाहताना चिंतेवर रागावतो, आणि आपण स्वतः त्यातली खुशी आहोत हे आपल्या लक्षात येत नाही.

आता तो खरा किती, हे पाहू. पहिला भाग २०१५ साली आला. त्यात अकरा वर्षांच्या रायलीच्या मनात पाच भावना होत्या : खुशी, दुःख, राग, भीती आणि किळस. भावनांवर आयुष्यभर संशोधन केलेले पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला त्या वेळी घेतलेला होता. केल्सी मान यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग जून २०२४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शाळा उघडण्याच्या सुमारास प्रदर्शित झाला. त्यासाठी केल्टनर यांच्या जोडीला किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लिसा डॅमूर होत्या. रायली आता तुमच्या मुलीएवढी, तेरा वर्षांची आहे. एका रात्री तिच्या मनातल्या यंत्रावर वयात येण्याची सूचना देणारे बटण वाजू लागते, कामगार येऊन तोडफोड करतात आणि दुसऱ्या दिवशी चार नव्या भावना दारात उभ्या असतात : चिंता, हेवा, कंटाळा आणि लाज. जुन्या दिवसांची ओढ असलेली एक आजीबाईही मध्येच डोकावते, पण तुझी वेळ अजून आलेली नाही, असे सांगून तिला परत पाठवले जाते. मनाच्या पडद्यामागची ही सगळी धांदल बर्फावर खेळायच्या हॉकीच्या तीन दिवसांच्या शिबिरात घडते. शिबिराला जाताना रायलीला कळते की तिच्या दोन्ही जिवलग मैत्रिणी पुढच्या वर्षी वेगळ्या शाळेत जाणार आहेत, आणि मग मोठ्या मुलींच्या संघात शिरकाव मिळवण्यासाठी ती काय काय करू लागते, एवढीच बाहेरची गोष्ट.

शास्त्राच्या कसोटीवर यातले बरेच टिकते, थोडे टिकत नाही. वय एका रात्रीत बदलत नाही, आणि चिंता तेराव्या वर्षी प्रथम जन्माला येत नाही. आई दिसेनाशी झाली की रडणारे दीड वर्षाचे मूलही एका प्रकारे चिंताच अनुभवत असते. भावना म्हणजे मेंदूत वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेल्या व्यक्तीही नव्हेत. परंतु या वयात चिंतेचा विषय बदलतो, आणि तो बदल चित्रपटाने अचूक पकडला आहे. लहान मुलाला अंधाराची, कुत्र्याची, पावसाच्या गडगडाटाची भीती वाटते. तेरा वर्षांच्या मुलीला उद्याची, आणि उद्या इतरांच्या डोळ्यांत आपण कशा दिसू याची चिंता वाटू लागते. मेंदूतील भावना पेटवणारी यंत्रणा या वयात फार तीव्रतेने काम करते, तर तिला लगाम घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. गाडीचा वेग वाढलेला आणि ब्रेक अजून बसवले जात आहेत, अशी ही मधली वर्षे असतात. भीती आणि चिंता यांतला फरकही चित्रपटात नेटका मांडला आहे : समोर दिसणाऱ्या धोक्यापासून वाचवते ती भीती, आणि न दिसणाऱ्या धोक्यासाठी आखणी करत बसते ती चिंता. शेतात पायाशी साप दिसला आणि तुम्ही मागे उडी मारली, ती भीती. पण साप नसताना रोज रात्री अंथरूण झटकून झोप येईनाशी झाली, तर ती चिंता.

मराठीत या दोहोंच्या आजूबाजूला शब्दांचे मोठे गणगोत आहे : धास्ती, धाकधूक, हुरहूर, घालमेल, धसका. यांतला प्रत्येक शब्द शरीरातली थोडी वेगळी जागा दाखवतो. आपली मुले मात्र आता या साऱ्यांसाठी 'टेन्शन' हा एकच शब्द वापरतात, आणि एकच शब्द असला की आत नेमके काय चालले आहे हे त्यांचे त्यांनाही ओळखू येत नाही. तुमच्या मुलीने चित्रपट पाहून "मलाही असंच होतं" असे म्हटले, तेव्हा तिने सोंग घेतले नाही. तिच्याकडे आजवर जे नाव नसलेले होते त्याला तिला पहिल्यांदा एक चेहरा मिळाला. सोंग घेणारे मूल सगळ्यांसमोर घेते. तुमची मुलगी उठून एकटी ओट्यावर जाऊन बसली, हे तिच्या वडिलांना शांतपणे दाखवून द्या. शिवाय पेपरच्या सकाळचे पोटदुखणे चित्रपटाच्या आधीपासूनचे असणार. तुम्ही आठवून पाहिले तर तुम्हालाच तारखा सापडतील.

पोटच का दुखते, हेही सांगायला हवे, कारण आपल्या भागात चिंता बहुधा डोक्याच्या वाटेने येत नाही, पोटाच्या वाटेने येते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांचे आधी दोन-तीन ठिकाणी पोटाचे औषध झालेले असते, क्वचित सोनोग्राफीही झालेली असते. धोका आहे असे मेंदूला वाटले की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. हृदय जोराने धडकते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, पचनाचे काम मागे पडते, घाम सुटतो. पोटात गोळा येणे, मळमळणे, वारंवार शौचाला लागणे हे सगळे त्यातूनच येते, आणि ते दुखणे खरे असते. "तुला काही झालेलं नाही" असे म्हटले की मुलीला दोन गोष्टी कळतात : दुखते आहे ते खरे आहे, आणि आई ते मानत नाही. तरीही एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि श्वासाचा त्रास यांची खात्री करून घ्या. पाळी सुरू झालेल्या मुलींत रक्त कमी असणे आपल्याकडे फार आढळते, आणि उपाशीपोटी उन्हात सराव करणाऱ्या मुलीची धडधड केवळ मनाची असेल असे कोणीही न तपासता म्हणू नये. तपासणी एकदाच, नीट करावी. दर महिन्याला नवी तपासणी करत गेल्यास चिंतेला खाद्य मिळते.

ज्या प्रसंगात ती उठून गेली, तो मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. शिबिरातल्या शेवटच्या सामन्यात रायली आपल्याच मैत्रिणीला धडकते, तिला पाडते आणि शिक्षा म्हणून दोन मिनिटे काचेआड बसवली जाते. तिथे तिचा श्वास कोंडतो, छाती धडधडते, डोळे एकाच ठिकाणी खिळतात, आजूबाजूचे आवाज दूर जातात. आत चिंता यंत्राभोवती वावटळीसारखी इतकी वेगाने फिरत असते की ती जागच्या जागी गोठल्यासारखी दिसते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असते. चिंता दुष्ट नाही, तिला थांबता येत नाही, हे एवढ्या थोडक्यात मी माझ्या शिकवणीतही कधी सांगू शकले नाही. असा झटका बहुतेक वेळा काही मिनिटांतच, साधारण दहा मिनिटांच्या आत, टोकाला पोचतो आणि मग आपोआप ओसरू लागतो. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरते. मुलीला वाटते आपण आता मरणार, पण त्यातून जीव जात नाही. रायली सावरते ती कोणी उपदेश केल्यामुळे नव्हे. हाताखालचे बाक, अंगावर पडलेला उजेड, बर्फावरचा आवाज हे तिला पुन्हा जाणवू लागते आणि मैत्रिणी जवळ येतात, त्यामुळे.

घरी असे घडले तर तुम्हाला हेच करायचे आहे. आपल्याकडे अशा वेळी सगळी गल्ली गोळा होते, कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल, कोणी गालावर चापट्या मारतो. ते सगळे टाळा. गर्दी बाजूला करा आणि तिच्या शेजारी एकानेच बसा. तोंडाशी पिशवी धरायला लावू नका. "दीर्घ श्वास घे" असेही सांगू नका, कारण ती आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत घेत असते. तिला श्वास सावकाश सोडायला सांगा, चार आकडे म्हणेपर्यंत घ्यायचा आणि सहा म्हणेपर्यंत सोडायचा. ओट्याचा गार दगड तळव्याखाली धरू द्या, माठातले पाणी घोट घोट पिऊ द्या, समोर काय काय दिसते ते सांगायला लावा. तुमचा आवाज शांत राहिला तर निम्मे काम झाले. एक मात्र लक्षात ठेवा : तुम्ही वर्णन केलेले पोटदुखणे आणि ओले तळहात म्हणजे तिला असे झटके येतातच असे नाही. ते समोर बसून, तिच्याच तोंडून ऐकून ठरवावे लागते.

आता खो-खोविषयी. बंद करू नका. हे मी ठामपणे सांगते आहे, कारण चिंतेच्या बाबतीत सर्वांत गोड वाटणारा आणि सर्वांत महाग पडणारा उपाय म्हणजे टाळणे. निवडीला गेली नाही की त्या सकाळी पोट दुखायचे थांबते, घरात सर्वांना सुटल्यासारखे वाटते. मुलीचा मेंदू मात्र त्या दिवशी एक धडा शिकतो की मैदान खरेच धोक्याचे होते आणि घरी राहिल्यामुळे आपण वाचलो. पुढच्या वेळी मैदानाऐवजी शाळेचे फाटक पुरते. सुरुवातीला फक्त तोंडी परीक्षा टाळणारी आणि पुढे चार महिने घराबाहेरच न पडलेली मुले मी पाहिली आहेत.

खेळाचे नाव तुम्ही काढलेत ते बरे झाले, कारण तिच्या खेळातच तिच्या चिंतेचे अगदी नेमके वर्णन आहे, आणि बाहेरून आणलेल्या उदाहरणापेक्षा मुलीला ते लवकर पटेल. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी चौकात बसलेल्या असतात आणि एक धावत असते. बसलेली खेळाडू कितीही तेज असली, समोरून पळती हाताच्या अंतरावर गेली, तरी पाठीमागून खो मिळेपर्यंत तिला उठता येत नाही. आधी उठली तर चूक धरली जाते. चिंता ही अशीच एक तेज खेळाडू आहे, जी खो मिळण्याआधीच उठते. पेपर सोमवारी असतो, ती शुक्रवारीच उठून धावत सुटते. तिला संघातून काढायचे नाही, कारण ज्या दिवशी खरेच खो मिळेल त्या दिवशी तिच्याइतके चपळ कोणी नाही; अभ्यासाला बसवणारी, बुटांची नाडी दोनदा तपासणारी तीच असते. तिला फक्त चौकात बसायला शिकवायचे आहे. चित्रपटाच्या शेवटी चिंतेला एक आरामखुर्ची आणि चहाचा कप मिळतो, आणि जे आपल्या हातात नाही त्याऐवजी उद्याच्या स्पॅनिश भाषेच्या चाचणीची आठवण करून देण्याचे नेमून दिलेले काम मिळते, त्याचा अर्थ हाच.

मराठीतला 'काळजी' हा शब्द या बाबतीत आपल्या फार उपयोगी आहे. काळजी करणे आणि काळजी घेणे यांत शब्द एकच आहे, क्रियापद तेवढे बदलते, आणि त्या क्रियापदाच्या बदलातच मी करते ते बहुतेक सगळे काम येते. तुमच्या यजमानांना हे शेताच्या भाषेत चटकन कळेल. वैशाख-ज्येष्ठात वादळी वारा सुटला की रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात. जाणता शेतकरी बागेभोवती आधीच शेवरीची दाट ओळ लावतो, घड लागलेल्या झाडांना टेकू देतो. ही काळजी घेणे झाले. टेकू देऊन झाल्यावरही जो रात्रभर खाटेवर बसून आभाळाकडे पाहतो, त्याची बाग त्या जागरणाने वाचत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला मात्र तो उशिरा उठतो.

प्रत्यक्षात मुलीबरोबर काय करावे, ते सांगते. रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, पंधरा मिनिटे ठरवून चिंतेला द्या. एका वहीत तिने मनात आलेले सगळे लिहायचे आणि प्रत्येक ओळीपुढे विचार करायचा की याला खो मिळाला आहे का, म्हणजे आज याबाबत काही करण्यासारखे आहे का. असेल तर ते एक छोटे काम लिहायचे. नसेल तर ती ओळ उद्याच्या संध्याकाळसाठी ठेवायची. झोपताना चिंता पुन्हा आली की तिला सांगायचे, तुझी वेळ उद्या आहे. हे पहिल्या आठवड्यात हास्यास्पद वाटते, तिसऱ्या आठवड्यात जमू लागते. चित्रपटात रात्री रायली झोपलेली असताना चिंता कल्पनेच्या कारखान्यात रांगेने चित्रकार बसवून उद्या काय काय बिघडेल याची चित्रे काढून घेते, तो प्रसंग मुलीला आठवून द्या. रात्री डोक्यात येतात ती भविष्याची छायाचित्रे नसून कोणीतरी काढलेली चित्रे आहेत, हे तिला त्यावरून समजेल.

मैदानासाठी पायऱ्या करा. आधी धाकट्या मुलींसमोर सराव, मग मोठ्या मुलींसमोर, मग प्रशिक्षकांनी घड्याळ लावून पाहत असताना, आणि त्यानंतर निवड. प्रत्येक पायरीवर पोटात कालवाकालव होईल. ती होत असतानाच तिने खेळायचे आहे, ती थांबण्याची वाट पाहायची नाही. "काही होणार नाही" असे आश्वासन देऊ नका. निवड होणार नाही, असे होऊ शकते, आणि तिला ते ठाऊक आहे. खोटे आश्वासन ती तासाभराने पुन्हा मागायला येईल. त्याऐवजी म्हणा, "पोटात गोळा आला आहे ना? येऊ दे. आपण त्याला घेऊनच जाऊ." त्या सकाळी भाकरी-भाजीचा आग्रह नको, एक केळे, थोडा भात, ताक एवढे पुरे, पण उपाशी पाठवू नका. प्रशिक्षकांना आधी एका वाक्यात कल्पना द्या की सुरुवातीला तिला थोडा वेळ लागतो, आणि मुलीला न विचारता ते एक वाक्यही सांगू नका.

यात एक काम तिचे नसून घराचे आहे. चित्रपटात रायलीच्या मनात खोलवर तिच्या समजुतींच्या तारा उगवतात. आधी "मी चांगली आहे" अशी एकच तार असते, आणि चिंतेच्या कारभारात ती उपटली जाऊन "मी पुरेशी चांगली नाही" अशी दुसरी उगवते. या तारांना पाणी कोण घालते, याबाबत चित्रपट जवळजवळ गप्प आहे; रायलीचे आईवडील समजूतदार आहेत आणि बहुतेक वेळ पडद्याबाहेर आहेत. आपल्या घरांत तसे नसते. लग्नात, कानबाईच्या रोटांच्या सणाला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या चार आत्या-मावश्या मुलीला पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारतात आणि दुसरा रंगाचा. लाज ही भावना चित्रपटात टोपीत तोंड लपवणारा एक गोड, अबोल गुलाबी राक्षस आहे आणि तिला फारसे काम दिलेले नाही. मला चित्रपटाची ही मोठी उणीव वाटते, कारण आपल्याकडे चिंतेला खरा जोर लाजेकडूनच मिळतो. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य मुलीच्या मनात तिच्या स्वतःच्या आवाजाआधी घरच्यांच्या आवाजात उमटलेले असते. "तू तर हुशार आहेस, तुला कसं जमत नाही?" हे कौतुक समजून बोललेले वाक्यही त्याच तारेला पाणी घालते. कापसाच्या भावाची, पावसाची, कर्जाच्या हप्त्याची चर्चा जेवताना रोज मुलांच्या पुढ्यात होत असेल तर तीही मुले ऐकत असतात. ती लपवावी असे मी म्हणत नाही. पण चर्चा संपवताना "उद्या आपण अमुक करणार आहोत" एवढे एक वाक्य मोठ्यांनी मुलांच्या देखत बोलावे.

सासूबाईंच्या दृष्ट काढण्याला हरकत घेऊ नका. मीठ-मोहरी उतरवताना आजी नातीच्या डोक्यावरून हात फिरवते, तो हात उपयोगी आहे. फक्त दृष्ट काढली म्हणजे काम झाले, असे समजून पुढचे थांबू नये, आणि कोणाची नजर लागली याचा शोध घरात सुरू होऊ नये.

धाकट्याला चित्रपट खुशाल दाखवा, शेजारी बसून. सहा वर्षांच्या मुलाला त्यातली धावपळ आणि रंग आवडतील, बाकीचे बरेचसे डोक्यावरून जाईल. बहिणीला त्यावरून चिडवायचे नाही, एवढे मात्र आधी बजावा.

चित्रपटाची आणखी एक मर्यादा लक्षात असावी. रायलीचा झटका ओसरतो आणि त्याच दिवशी मैत्रिणींशी तिचा समेटही होतो. खऱ्या आयुष्यात हे काम महिन्यांचे असते. पोटदुखी, न जेवणे, झोप न लागणे किंवा शाळा चुकवणे असे दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले, ती आवडत्या गोष्टींपासूनही दूर होऊ लागली, किंवा झटके वारंवार येऊ लागले, तर तज्ज्ञांना भेटा. जगण्याचा कंटाळा आला, मरून जावेसे वाटते असे ती बोलली, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर आठवडे मोजू नका, त्याच दिवशी भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' या नावाने चालणारी केंद्रे आहेत. १४४१६ हा केंद्र शासनाचा टेलिमानस दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. उपचारात मुख्य भाग विचार आणि वर्तन बदलण्याच्या सरावाचा असतो, साधारण दहा ते सोळा भेटींचा. काही मुलांना मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात आणि ते देण्यात कमीपणा नाही; पण औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणून देणे हा गुन्ह्याइतकाच वाईट प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास चालतो.

तुमचे घर यात एकटे पडलेले नाही, हेही यजमानांना सांगा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात ही साधारण चार मुले होतात. तुमची मुलगी त्या चारांत आहे असे मी एवढ्यावरून म्हणणार नाही. तुम्ही लिहिलेले वाचून ती बहुधा उरलेल्या छप्पन्नांतली, चिंता करणारी पण सुखरूप मुलगी वाटते.

जमल्यास चित्रपट तिच्याबरोबर पुन्हा एकदा पाहा, आणि या वेळी तो प्रसंग येण्याआधी थांबवण्याचे बटण तिच्या हातात द्या. अखेरीस रायलीची मोठ्या संघात निवड झाली की नाही, हे चित्रपट स्पष्ट शब्दांत सांगत नाही. ती निकाल पाहते आणि हसते, एवढेच आपल्याला दिसते. ती का हसली असेल, असे मुलीला विचारा, आणि ती जे सांगेल ते दुरुस्त न करता ऐकून घ्या.